‘क्लोन’ मशीन म्हणजे नेमके कोणते? फर्स्ट कॉपी घड्याळांची पार्श्वभूमी

सोलापुरात ‘फर्स्ट कॉपी’ ऑटोमॅटिक घड्याळ घेणारे गिऱ्हाईक डायलवरच्या नावाआधी आतले मशीन कुठले ते विचारते आणि त्याला ‘जपानी’, ‘स्विस’ किंवा ‘स्विस क्लोन’ असे उत्तर मिळते. यांपैकी पहिले उत्तर बहुधा समजण्याजोगे असते; गोंधळ तिसऱ्यात आहे.

नक्कल ही गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. बंगळूरच्या सरकारी कारखान्यातील १७ ज्वेल्सच्या (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांच्या) चावीच्या मशीनवर नव्याने रंगवलेली डायल चढवून विकलेली घड्याळे इथल्या प्रत्येक घड्याळजीने उघडून पाहिलेली असतात. चीनने १९७०च्या दशकात अनेक कारखान्यांसाठी एकच प्रमाण मशीन ठरवले होते आणि पुढच्या स्वस्त नकलांना लागणारे कसब त्याच काळात तयार झाले.

खरी कलाटणी मात्र २००२ मध्ये मिळाली. स्वित्झर्लंडमधील सर्वांत मोठ्या मशीन-उत्पादकाने इतर घड्याळ कंपन्यांना न जुळवलेले सुटे संच देणे २००६ पर्यंत बंद करण्याचे जाहीर केले. तेथील स्पर्धा-नियामकाने ही मुदत २०१० अखेरपर्यंत लांबवली, २०१३ मध्ये पूर्ण मशीनच्या पुरवठ्यातील टप्प्याटप्प्याच्या कपातीस मान्यता दिली आणि पुरवठा करत राहण्याचे हे बंधन अखेर २०२० मध्ये सुटले. गुणवत्तेचे रक्षण हे कारण पुढे केले जात असले, तरी प्रतिस्पर्ध्यांची कोंडी हा त्याचा परिणाम उघड होता. याच उत्पादकाचे १९८२ पासूनचे २८२४-२ हे मशीन (२५ ज्वेल्स, तासाला २८,८०० ठोके) पेटंटच्या संरक्षणाबाहेर असल्याने त्याची रचना स्वित्झर्लंडमध्ये आणि चीनमध्येही कायदेशीरपणे उतरवली गेली. गुन्हा मशीनच्या नकलेत नसून डायलवरच्या खोट्या नावात आहे. आपल्याकडील १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद सांगितली आहे.

येथूनच ‘क्लोन’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला जाऊ लागला. पहिल्या अर्थाने ती रचनेची प्रत असते आणि तिला मूळ मशीनचे पुष्कळसे भाग बसतात. दुसऱ्या अर्थाने साध्या मशीनवर कोरीव पट्ट्या चढवून काचेच्या पाठझाकणातून ते महागड्या मशीनसारखे दाखवलेले असते. तिसऱ्या अर्थाने एखाद्या कंपनीने केवळ स्वतःच्या घड्याळांसाठी घडवलेल्या मशीनची पुलापासून (चाके धरणाऱ्या पट्टीपासून) रोटरपर्यंत (चावी आपोआप भरणाऱ्या फिरत्या वजनापर्यंत) नक्कल असते. विक्रेते तिला ‘सुपरक्लोन’ म्हणतात आणि तिची किंमतही त्या नावाला शोभेल अशीच लावतात.

टिकाऊपणाचा क्रम या किमतीच्या क्रमाशी जुळत नाही. तासाला २१,६०० ठोक्यांचे ८२१५ हे जपानी मशीन दिसायला ओबडधोबड आहे आणि त्याचा सेकंदकाटा किंचित अडखळतो, पण ते हयगय सोसते. २८२४-२ ची चिनी प्रत नीट तेल घालून जुळवलेली असेल तर तिच्याविरुद्ध फारशी तक्रार करता येत नाही. अडचण अशी की नकलेत तेलाचा भरवसा नसतो आणि कोरडे मशीन झिजते. सर्वांत वाईट अनुभव ७७५० या स्टॉपवॉचच्या स्विस मशीनच्या नकलांचा आहे. मूळ मशीनमध्ये सतत चालणारा छोटा सेकंदकाटा ९ च्या जागी असतो. प्रसिद्ध डायलशी जुळण्यासाठी तो ६ च्या जागी आणायला वाढीव चाके बसवली गेली आणि त्या चाकांच्या घर्षणाने अनेक घड्याळे मंदावली किंवा थांबली. नावाजलेले रूप साधण्याचा हट्टच येथे मशीनच्या मुळावर आला.

सोलापूरचा ४० अंशांपुढचा उन्हाळा आणि मागावरचा सुताचा भुगा, नकलेच्या सैल पाठझाकणाला दोन्ही जड जातात. एकदा भरल्यावर चाळिसेक तास चालणारी चावी पुरेनाशी झाली की घड्याळजी प्रथम मशीन उघडून पाहतो, कारण बिलावर लिहिलेले नाव त्याच्या कामाचे नसते. पहिल्या अर्थाचा क्लोन निघाला तर तो सर्व्हिसिंगला घेतो. साधे जपानी मशीन असेल तर अख्खे बदलणेच स्वस्त पडते. सुपरक्लोनचे सुटे भाग मात्र बाजारात सहसा मिळत नाहीत, त्यामुळे तसे घड्याळ तो बहुधा दुरुस्तीला हात न घालता परत करतो.