राजकीय हॅकिंगची नैतिकता

राजकीय मागणीसाठी किंवा निषेधासाठी संकेतस्थळावर हल्ला करणे कितपत समर्थनीय आहे, याचा विचार. अशा हल्ल्यांना हॅक्टिव्हिझम म्हणतात; हे नाव अमेरिकेतील ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या गटात १९९६ च्या सुमारास पुढे आले. मुखपृष्ठावर घोषणा झळकवणे, एकाच वेळी प्रचंड विनंत्या धाडून सर्व्हर बंद पाडणे (डीडॉस) आणि आतली माहिती चोरून उघड करणे, हे त्याचे नेहमीचे प्रकार.

पोखरण अणुचाचण्यांनंतर जून १९९८ मध्ये ‘मिलवर्म’ गटाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या यंत्रणेत शिरकाव केला. फाइल शेअरिंगची संकेतस्थळे रोखल्याच्या निषेधार्थ मे २०१२ मध्ये ‘अ‍ॅनॉनिमस’ या निनावी हॅकरांच्या गटाने सर्वोच्च न्यायालय आणि काँग्रेस पक्ष यांची संकेतस्थळे लक्ष्य केली. जून २०२२ मध्ये ठाणे पोलिसांचे संकेतस्थळ हॅक झाले.

समर्थक डीडॉसला धरणे आंदोलनाच्या पंक्तीत बसवतात. मेक्सिकोत आदिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या झापातिस्ता बंडखोरांच्या बाजूने १९९८ मध्ये झालेल्या हल्ल्यांपासून हा युक्तिवाद चालत आला आहे. सोलापूरकराला तो सहज पटू नये. मे १९३० मध्ये इथल्या सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली ती दिवसाढवळ्या, अटक होणार हे जाणून. पुढे गोळीबार झाला, जमावाने पोलीस चौकी आणि कोर्ट जाळले (हा भाग अर्थातच सत्याग्रहात मोडत नाही), शहरावर लष्करी कायदा आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. आजही सोलापुरातील धरण्यांचे नेहमीचे ठिकाण असलेल्या पूनम गेटसमोर बसणाऱ्यांच्या बॅनरवर संघटनेचे नाव असते, निवेदनाखाली सह्या असतात. बॉटनेटमध्ये यातले काहीच नाही. तिथे हजारो अनोळखी लोकांचे संगणक त्यांच्या नकळत आंदोलनाला जुंपलेले असतात.

गेटसमोरच्या धरण्याची झळ निदान साहेबांच्या गाडीला लागते. महाभूलेख हे जमीन नोंदींचे सरकारी संकेतस्थळ बंद पडले तर पीककर्जासाठी सातबारा हवा असलेला मंगळवेढ्याचा शेतकरी अडतो. ज्याच्यावर राग आहे तो अधिकारी केबिनमध्ये निवांत असतो. माहिती फोडण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यातून भ्रष्टाचार उघडकीस येऊ शकतो, पण त्याच गठ्ठ्यात सामान्यांचे पत्ते आणि फोन नंबरही बाहेर पडतात, आणि ते परत घेता येत नाहीत.

निनावीपणाचे कवच सगळ्यांना सारखे मिळत नाही. गोपनीय कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्या रोखल्याबद्दल २०१० मध्ये पेपाल, मास्टरकार्ड आणि व्हिसावर हल्ले झाले, तेव्हा अनेकांनी ‘लोइक’ हे डीडॉस हल्ल्याचे साधन स्वतःच्या संगणकावर चालवले. ते आयपी पत्ता, म्हणजे ज्यावरून इंटरनेट जोडणीचा माग काढता येतो तो क्रमांक, लपवत नाही. जुलै २०११ मध्ये पेपाल प्रकरणी अमेरिकेत चौदा जणांना अटक झाली. चिथावणी देणाऱ्यांनी अनुयायांना हा धोका स्पष्ट सांगितला होता का, हा प्रश्न या चर्चेत फारच कमी विचारला जातो.

न्यायालये एका सुरात बोलत नाहीत. लुफ्थान्साविरुद्ध २००१ मध्ये उघड आवाहन करून झालेल्या ऑनलाइन निदर्शनात फ्रँकफर्टच्या वरिष्ठ न्यायालयाने २००६ मध्ये आरोपीला निर्दोष ठरवले. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निषेधाच्या हेतूला त्यात वेगळी सूट नाही. देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचवण्याचा हेतू सिद्ध झाला, तर कलम ६६ फ नुसार शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.