विश्वस्त म्हणजे पैसे मागणारा माणूस?

‘निधी उभारायचा तर विश्वस्ताच्या ओळखी बड्या हव्यात आणि हात पसरायची लाज नको’ हा समज संस्थांच्या बैठकांत वर्षानुवर्षं फिरतो आहे. म्हणूनच निधीचा विषय निघाला की निम्मे सदस्य खाली मान घालून कागद चाळू लागतात.

खरं तर प्रत्यक्ष मागणी हा या कामाचा शेवटचा, छोटा टप्पा. त्याआधी ओळख करून देणं, काम दाखवायला नेणं आणि देणगी आल्यावर आभार मानणं असतं. हे विश्वस्ताच्या तोंडी जास्त शोभतं, कारण तो सहसा बिनपगारी असतो. त्याने संध्याकाळी फोन करून “तुमच्या देणगीतून अभ्यासिकेत दिवे लागले, एवढंच सांगायचं होतं” म्हटलं आणि पुढे काहीच मागितलं नाही, तर समोरचा चकित होतो. पावतीसोबतचं छापील पत्र (खरं सांगा) कोण वाचतं?

मागायची वेळ आलीच तर आधी आपण द्यावं, जमेल तेवढं. “मी दिलेत, तुम्हीही या” म्हणताना मग जीभ अडखळत नाही. नेमका आकडा सांगावा आणि गप्प बसावं. ती शांतता फार अवघड. अनेक जण घाबरून स्वतःच रक्कम खाली आणतात.