माशाने संकट झेललं की अमोनिया?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा काळा गोल्डफिश गेल्या आठवड्यात मेला. काकू हळहळल्या, पण थोड्या निश्चिंतही झाल्या. "घरावर काहीतरी येत होतं, ते त्याने अंगावर घेतलं बघ." फेंगशुईत आठ सोनेरी आणि एक काळा असा हिशोब असतो म्हणे, आणि दुकानदार तो ऐकवून एका दमात नऊ मासे विकतो. दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश! मी घरचं टेस्ट किट नेऊन पाणी तपासलं. जी नळी पिवळी राहायला हवी होती ती गडद हिरवी झाली, म्हणजे पाण्यात अमोनिया भरपूर.

"पण पाणी तर आरशासारखं आहे," काकू म्हणाल्या.

गोम तिथेच आहे. अमोनिया पाण्यात विरघळला की डोळ्यांना दिसत नाही. मासा तो मुख्यतः लघवीतून नाही, तर कल्ल्यांतून सोडत असतो, चोवीस तास. माझ्या तीन फुटी टाकीत सुमारे १८० लिटर पाणी आहे. रोज ३ ग्रॅम खाणं पडतं, त्यात ४० टक्के प्रथिनं, आणि प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन. त्यातला निम्माच जरी अमोनिया होऊन बाहेर आला, तरी दिवसाला लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम नायट्रोजन जमतो. गाळणी नसेल तर चार दिवसांत दोन मिलिग्रॅम. यातला किती भाग जहाल रूपात असेल ते पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी यावर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का, ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. उरलेला अमोनियम होऊन बराच निरुपद्रवी असतो.

म्हणजे गाळणीचं खरं काम कचरा अडवणं नव्हे, जिवाणू पोसणं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी वेगळे करून दाखवले. दुसऱ्या पायरीचं श्रेय पुस्तकं बरीच वर्षं नायट्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूला देत आली. १९९० च्या दशकात गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तर तिथे कामाला नायट्रोस्पायरा निघाला. २०१५ मध्ये तर त्याहून भारी गोष्ट कळली: काही नायट्रोस्पायरा दोन्ही पायऱ्या एकटेच पार पाडतात. शंभर वर्षं हे काम दोघांचं मानलं होतं! शोध लावणाऱ्या दोन गटांपैकी एकाला तो मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या गाळणीतच सापडला. मला हे अजूनही कुणाला तरी धरून सांगावंसं वाटतं.

हे जिवाणू मात्र संथ. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना कित्येक तास, कधी दिवसही लागतो. म्हणून नवी टाकी जमायला चार ते सहा आठवडे जातात. 'आज ओता, उद्या मासे सोडा' छापाच्या बाटलीपेक्षा मित्राच्या जुन्या गाळणीतला कळकट स्पंजचा तुकडा मला जास्त भरवशाचा वाटतो. तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही. महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच असतं, ते तुमचे-आमचे बघत नाही.

आता सम्प. टाकीखालच्या कपाटात ठेवलेली दुसरी, लहान टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून आपसूक खाली येतं, स्पंजमधून आणि सिरॅमिक रिंगांच्या ढिगातून जातं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर चढवतो. रिंगा सच्छिद्र, म्हणजे मूठभर जागेत जिवाणूंची अख्खी चाळ. पण सम्पचा मोठा फायदा हवा. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो. मघाचा हिशोब धरला तर जिवाणू रोज सुमारे ४४० मिलिग्रॅम ऑक्सिजन खातात. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच मावतो, म्हणजे जिवाणूंचा रोजचा खुराक टाकीतल्या एकूण साठ्याचा तिसरा हिस्सा. सम्पमध्ये पाणी पडताना, फुटताना ही भरपाई होत राहते. बंद डब्याच्या गाळणीत आतल्या आत ती होत नाही.

धोका एकच, आणि तो मी अनुभवलाय. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळून मुंबईची वीज गेली. पंप थांबला. वर जाणाऱ्या पाइपचं तोंड टाकीत पाण्याखाली सहा सेंटिमीटर होतं, त्यामुळे सायफन उलटा लागला आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली येत राहिलं. माझ्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे चार लिटर. चोवीस लिटर आले, सम्पमध्ये जागा होती दहाची. बाकीचं हॉलमध्ये, आणि संध्याकाळपर्यंत खालच्या शेजाऱ्यांच्या छतावर. त्यांनी बेल वाजवली तेव्हा मी गोधडीने फरशी पुसत होतो.

इलाज फुकटचा आहे. पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडायचं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. शिवाय सम्प काठोकाठ भरायचा नाही, आणि पहिल्याच दिवशी मुद्दाम प्लग काढून बघायचं. भोकात शेवाळ धरतं, म्हणून मी दर रविवारी त्यात टूथपिक फिरवतो.