घरगुती औषधांची विल्हेवाट : मराठवाड्यातील लोकशिक्षण

घरात उरलेली, तारीख उलटलेली किंवा नको झालेली औषधे माणसे, जनावरे आणि पाणी यांना बाधा न होता कशी टाकावीत, हे लोकांना शिकवण्याचे काम. आरोग्यशिक्षण आणि कचरा व्यवस्थापन या दोहोंच्या सीमेवर ते पडते, त्यामुळे दोन्हीकडून दुर्लक्षिले जाते.

औषध उरते कसे, इथून हे शिक्षण सुरू व्हावे लागते. ताप उतरला की गोळ्या थांबतात आणि राहिलेल्या ‘पुढच्या वेळी’साठी डब्यात जातात. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे महिनोन् महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहतात. तिथल्या डॉक्टरने दिलेली अर्धी औषधे गाठोड्यातून गावी परततात. मेडिकलवाला पाकीट कात्रीने कापून चार गोळ्या देतो आणि मुदतीची तारीख छापलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो. घरी आलेल्या गोळ्यांची मुदत मग कोणालाच कळत नाही. बिलावर बॅच क्रमांक व मुदत असते, म्हणून बिल मागण्याची सवय हा या विषयातला पहिला आणि सर्वांत स्वस्त धडा म्हणावा लागेल. मुदत संपण्याआधीही औषध बाद होऊ शकते. बऱ्याच पाकिटांवर 30 अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 अंशांपुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या घरातल्या फळीवर ती पाळली जाणे अशक्यच. डोळ्यांत घालायचे थेंब तर बाटली उघडल्यावर सहसा महिनाभरच वापरायचे असतात.

खेड्यात अशी औषधे उकिरड्यावर, चुलीत किंवा नाल्यात जातात. उकिरड्यावर शेळ्या-गाई तोंड घालतात आणि पुढे तेच खत शेतात पडते. चुलीत टाकलेल्या पाकिटांचे प्लॅस्टिक जळून विषारी धूर होतो. पाण्याचा प्रश्न मराठवाड्यात अधिक बोचरा आहे. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या या प्रदेशात नद्या वर्षातले कितीतरी महिने कोरड्या असतात, पिण्याची भिस्त विहिरी-बोअरवर असते आणि सांडपाणी विरळ करायला वाहते पाणीच नसते. प्रतिजैविकांचे अंश असे पसरले की औषधांना न जुमानणारे जंतू वाढायला मदत होते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये मुदतबाह्य औषधे व वापरलेल्या सुया ‘घरगुती घातक कचरा’ मानल्या गेल्या. शहरांत दर 20 चौ. किमी. क्षेत्रामागे असा कचरा घेणारे एक केंद्र असावे, असेही त्यात ठरले. दुकानातला न विकलेला मुदतबाह्य माल वितरकामार्फत कंपनीकडे परत जातो. घरातल्या औषधाला तसा परतीचा रस्ता नाही, आणि खरी अडचण हीच आहे. केरळने 2025 मध्ये कोळिकोडपासून ‘एनप्राउड’ योजनेत संकलन पेट्या ठेवल्या. त्याच वर्षी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेने राज्यांची औषध नियंत्रण खाती व औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी मिळून औषधे परत घेण्याची सोय करावी, असे सुचवले.

सोय नसेल तिथे गोळ्या पाकिटातून काढून, न कुटता, ओल्या मातीत किंवा चहाच्या चोथ्यात कालवाव्यात, पिशवीत घट्ट बांधाव्यात आणि घंटागाडीत वेगळ्या द्याव्यात. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत झाकण लावून साठवाव्यात, नाहीतर इजा सफाई कामगाराच्या हाताला होते. इनहेलर भोसकू वा जाळू नये. फेंटानिल, ट्रामाडॉल (तीव्र वेदनाशामके), डायझेपाम (गुंगी आणणारे औषध) यांसह 17 औषधे चुकीच्या हाती पडणे फार धोक्याचे असल्याने ती शौचालयात सोडावीत, असे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेचे मार्गदर्शन सांगते. शोषखड्ड्याशेजारी बोअर असलेल्या गावात हा सल्ला जसाच्या तसा देणे अवघड आहे. तिथे अशा गोळ्या घरात न साठवता रुग्णालयात नेऊन देण्याची वाट आधी सांगावी.

भित्तिपत्रकांपेक्षा इथे आशाताईंची गृहभेट, बचत गटाची बैठक आणि आठवडी बाजार अधिक कामाचे. पैठणच्या एकनाथांची भारुडाची परंपरा घरची असल्याने तीही हाताशी आहे. गोठ्यातल्या औषधांचा विषय मात्र वगळू नये. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे त्यांची मढी खाणारी गिधाडे मेली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात राहिल्याने 2015 मध्ये त्या कुपीचा आकार 3 मिलीपुरता मर्यादित करावा लागला.