मिसोचे ड्रेसिंग आणि कोकमाचे आगळ

रत्नागिरी, मालवण किंवा अलिबागच्या स्वयंपाकघरात जपानी मिसोचा डबा दिसणे आता फारसे नवलाचे राहिलेले नाही. अडचण येते ती पुढे. सॅलडवर घालायच्या मिसो ड्रेसिंगच्या पाककृतीत सांगितलेले तांदळाचे व्हिनेगर घरात नसते, म्हणून लिंबू सढळ हाताने पिळले जाते, सवयीने चिमूटभर मीठही पडते, आणि तयार झालेले ड्रेसिंग खारट व आंबट असूनही बेचव लागते. दोष मिसोचा नसतो. खारटपणा, मांसल चव आणि तेल-पाण्याला बांधून ठेवण्याची शक्ती या तिन्ही गोष्टी मिसो एकटाच पुरवतो, हे लक्षात न घेता आपण त्याच्या कामात ढवळाढवळ करतो.

मिसो म्हणजे शिजवलेले सोयाबीन, मीठ आणि कोजी यांचे आंबवलेले मिश्रण. ‘अ‍ॅस्परजिलस ओरायझी’ नावाची बुरशी तांदळावर किंवा जवावर वाढवली की कोजी तयार होते. या बुरशीची विकरे सोयाबीनमधील प्रथिनांचे तुकडे करून अमिनो आम्ले मोकळी करतात आणि धान्यातील स्टार्चचे शर्करेत रूपांतर करतात. फिकट, गोडसर मिसो काही आठवड्यांत तयार होतो, तर गडद लाल मिसोला अनेक महिने, कधी वर्षे लागतात. कोजीला ऊब आणि दमटपणा लागतो, आणि कोकणात दोन्हींची वाण नाही. म्हणून पावसाळ्यात भातावर आपोआप आलेल्या बुरशीपासून घरीच मिसो करावा, असा मोह एखाद्याला होऊ शकतो. तो कटाक्षाने टाळावा. ओरायझीची अगदी जवळची नातलग असलेली ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असलेले विष तयार करते, आणि नुसत्या डोळ्यांनी दोघींतला फरक ओळखता येईल याची खात्री देता येत नाही. मिसो विकतच आणावा.

मोकळ्या झालेल्या अमिनो आम्लांपैकी आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ग्लुटामिक आम्ल होय. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळाच्या रश्शातून ते वेगळे केले आणि उमामी या मांसल चवीचे मूळ त्यात असल्याचे दाखवले. मात्र जिभेला ही चव जाणवते ती मुख्यतः ग्लुटामेट या विद्युतभारित रूपामुळे. मिश्रण फार आम्लधर्मी झाले, म्हणजे त्याचा पीएच साधारण ४.२ च्या खाली गेला, की निम्म्याहून अधिक ग्लुटामेट आपला भार गमावते आणि उमामी मंदावते. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो. सढळ हाताने पिळलेले लिंबू नेमके काय बिघडवते, ते यावरून कळते: त्याची आंबटाई मिसोच्या चवीवर नुसती कुरघोडी करत नाही, तर ती चव जिभेपर्यंत पोहोचवणारे रूपच कमी करून टाकते.

माझ्या मते व्हिनेगरला कोकणातला उत्तम पर्याय म्हणजे कोकमाचे आगळ, अर्थात कोकमाचा दाट खारवलेला रस. त्यातील हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाची आंबटाई मिसोला शोभते आणि त्याचा गडद रंग मिश्रणाला विटकरी छटा देतो. परंतु आगळ टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेले असते. फिकट मिसोत साधारण ५ ते ७ टक्के आणि लाल मिसोत ११ ते १३ टक्के मीठ असते. म्हणजे लाल मिसोच्या एका मोठ्या चमच्यातूनच सुमारे २ ग्रॅम मीठ पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. त्यामुळे आगळासोबत फिकट मिसोच घ्यावा आणि वरून मीठ अजिबात घालू नये.

चौघांपुरत्या सॅलडसाठी दोन मोठे चमचे फिकट मिसो प्रथम तितक्याच पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवावा. त्यात एक मोठा चमचा आगळ, किसलेले आले आणि थोडा गूळ मिसळावा, आणि मग तीन मोठे चमचे तेल बारीक धारेने घालत सतत घोटत राहावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. सोयाबीनची प्रथिने, लेसिथिन आणि मिसोतील सूक्ष्म कण तेलाच्या थेंबांभोवती आवरण तयार करतात, त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळून वर तरंगत नाहीत; मात्र सगळे तेल एकदम ओतले तर थेंब मोठे राहतात आणि हे आवरण अपुरे पडते. तेल शेंगदाण्याचे किंवा तिळाचे घ्यावे. खोबरेल तेलाचा मोह कोकणात साहजिक आहे, पण ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते, आणि फ्रिजमधून काढलेल्या ड्रेसिंगमध्ये त्याच्या पांढऱ्या कण्या दाताखाली येतात. नारळाची चव हवीच असेल तर तेलाऐवजी घट्ट नारळाचे दूध वापरावे. मात्र ते ड्रेसिंग त्याच दिवशी संपवावे.

दाटपणासाठी भाताची पेज घालण्याची कल्पनाही मनात येऊ शकते. पाश्चरीकरण न केलेल्या मिसोत कोजीची स्टार्च तोडणारी विकरे अजून जागी असतात, त्यामुळे सकाळी दाट असलेले मिश्रण संध्याकाळपर्यंत पाण्यासारखे होऊ शकते. त्यापेक्षा भाजलेल्या तिळाची किंवा शेंगदाण्याची गोळी वाटून घालणे बरे.

तवशाच्या किंवा काकडीच्या फोडींवर हे ड्रेसिंग अगदी वाढायच्या वेळी घालावे, कारण त्यातील मीठ परासरणाने पेशींतले पाणी बाहेर ओढते आणि अर्ध्या तासात सॅलडचा रस्सा होतो. तवशाच्या फोडी आधी मीठ लावून पिळून घेता येतात, पण मग ड्रेसिंग निम्मेच घालावे. कोबी, मुळा आणि अलिबागचा पांढरा कांदा यांना मात्र दहा-पंधरा मिनिटे मुरू दिले तर चांगलेच.

मासे खाणाऱ्या घरांत यावर एक बहारदार भर घालता येते. मंद आचेवर कुरकुरीत भाजलेले सोडे (सुकवलेली कोळंबी) कुटून त्यांची अर्धा चमचा पूड ड्रेसिंगमध्ये मिसळावी. कोळंबीच्या स्नायूंत एडेनिलेट हे न्यूक्लिओटाइड असते. माशांतील इनोसिनेटप्रमाणेच तेही ग्लुटामेटसोबत आले की उमामीची तीव्रता दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त जाणवते. शाकाहारी मंडळींना हेच काम सुकवलेल्या शिताके अळंबीतील ग्वानिलेटकडून करून घेता येते. सोड्यांतही मीठ असते, हे विसरू नये.

उरलेले ड्रेसिंग झाकणबंद काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्येच ठेवावे. त्यात कच्चा लसूण असेल तर ही काळजी अधिक कडक हवी, कारण पुरेसे आम्ल नसलेल्या आणि तेलाखाली हवाबंद झालेल्या लसणात बोटुलिझमचे जिवाणू उबेत वाढू शकतात. असे ड्रेसिंग दोन-तीन दिवसांत संपवावे. मिसोचा उघडलेला डबाही फ्रिजमध्येच ठेवावा. त्यातील मिठामुळे तो सहसा नासत नाही, पण कोकणातल्या उकाड्यात अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील मेलार्ड अभिक्रिया वेगाने चालू राहते, आणि महागाचा फिकट मिसो थोड्याच दिवसांत तपकिरी व उग्र होतो.