पीलनंतरच्या सूचना आल्या कुठून?

पील (रसायन लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढण्याचा उपचार) किंवा लेझर करून निघताना हातात सूचनांचा एक कागद पडतो. खपली ओढू नका, मलम लावून त्वचा ओलसर ठेवा, ऊन टाळा. बहुतेक जण तो घडी घालून पर्समध्ये टाकतात आणि विसरतात. खरं तर त्यातल्या बऱ्याच ओळींमागे कुणाच्या तरी चेहऱ्यावर झालेला त्रास आहे. कारण जाहिरातीत काहीही म्हटलेलं असो, हे उपचार त्वचेला मोजूनमापून इजा करतात आणि ती भरून येताना नवा थर, नवं कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार होईल यावर भिस्त ठेवतात. इजा किती खोल करायची हे डॉक्टरांच्या हातात असतं. भरून येण्याचं काम मात्र घरी, पुढच्या दिवसांत होतं.

रासायनिक पीलचा वैद्यकीय पाया युरोपात घातला गेला. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा 19व्या शतकात चेहऱ्यावरचे डाग घालवायला जहाल रसायनं वापरत. 1882 मध्ये हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल यांचे त्वचेवरचे परिणाम नोंदवले. आजच्या क्लिनिकमधल्या बाटल्यांवरही यातली नावं दिसतात.

पुढचा टप्पा डॉक्टरांना फारसा भूषणावह नाही. 20व्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत फिनॉलचे खोल पील करण्यात वैद्यकीय शिक्षण नसलेली मंडळी पुढे होती. मिश्रणाचं प्रमाण ती कुणाला सांगत नसत. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मायामीचे प्लास्टिक सर्जन थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन यांनी असं मिश्रण उघडपणे छापलं : 88 टक्के फिनॉल 3 मिलिलिटर, पाणी 2 मिलिलिटर, द्रवरूप साबणाचे 8 थेंब आणि क्रोटन तेलाचे (त्वचेला जाळणारं एक बियांचं तेल) 3 थेंब. ते लावल्यावर चेहऱ्यावर चिकटपट्ट्यांचा मुखवटा चढवायचा आणि तो साधारण 48 तासांनी ओढून काढायचा. खाली उघडी पडलेली, पाझरणारी त्वचा असे. तिच्यावर थायमॉल आयोडाइड या जंतुनाशकाची पूड भुरभुरायची, म्हणजे जाड खपली धरायची. त्या काळची निगा ती हीच! पेशंटने काय सोसलं असेल याची कल्पना केलेली बरी.

फिनॉल रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं हे लक्षात आल्यावर चेहरा एकदम न करता तुकड्यातुकड्याने, मधे वेळ सोडून आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारा मॉनिटर लावून करण्याची पद्धत पडली. क्रोटन तेलाच्या त्या 3 थेंबांचं महत्त्व तर 2000 सालापर्यंत नीट उमगलं नव्हतं. पील किती खोल जाईल हे ठरवण्यात क्रोटन तेलाचा वाटा मोठा आहे, हे तेव्हा प्लास्टिक सर्जन ग्रेगरी हेटर यांनी दाखवून दिलं.

जखम उघडी ठेवून सुकवायची, हा समज 1962 मध्ये हलला. संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरच्या उथळ जखमांपैकी काही पॉलिथिनने झाकल्या, काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. खपलीखालून पेशींना वाट काढावी लागते, ओलाव्यात त्या सरळ सरकतात. रॉबर्ट चेझब्रो यांनी 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या व्हॅसलीनसारख्या पेट्रोलियम जेलीला आज लेझरनंतर इतकं महत्त्व आहे ते यामुळेच. महागड्या ‘पोस्ट-प्रोसीजर’ क्रीमपुढे ती दिसायला गरीब आहे, पण काम चोख करते.

लेझरची गोष्टही अशीच अडखळत गेली. कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी बनवला. ते मूळचे बारामतीचे. सुरकुत्यांसाठी तो सर्रास वापरात आला 1990च्या दशकात. परिणाम जबरदस्त असे, पण लाली महिनोन्‌महिने टिके आणि काहींची त्वचा बऱ्याच काळानंतर पांढुरकी पडे. 2004 मध्ये फ्रॅक्शनल पद्धत मांडली गेली. तिच्यात किरण चाळणीसारखे सूक्ष्म ठिपके पाडतात आणि मधली शाबूत त्वचा ते भरून काढते. बरं होण्याचा काळ त्याने खूप आखडला.

सावळ्या त्वचेचा विचार या सगळ्यात उशिराच झाला. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांचं त्वचेच्या प्रकारांचं 1975चं वर्गीकरण मुळात गोऱ्या त्वचेला अतिनील उपचारांचा डोस किती द्यायचा, यासाठी होतं. गहूवर्णी आणि काळ्या त्वचेचे प्रकार त्यात नंतर जोडले गेले. अशा त्वचेत जळजळ झाली की रंगद्रव्य वाढतं आणि घालवायला गेलेला डाग जास्तच गडद होऊ शकतो. म्हणून पीलच्या आधीच काही आठवडे त्वचा तयार करणं आणि नंतर सनस्क्रीनबाबत हयगय न करणं यावर इतका भर असतो. दिसणाऱ्या प्रकाशानेही अशी त्वचा काळवंडते, हे कळल्यावर लोहाचे ऑक्साइड घातलेली रंगीत सनस्क्रीन सुचवली जाऊ लागली.

आयसोट्रेटिनॉइनच्या (मुरुमांवरचं औषध) गोळ्या थांबवल्यावर 6 महिने कुठलाही उपचार नको, हा दंडक 1980च्या दशकातल्या मोजक्या रुग्णांच्या वाईट व्रणांवरून आला. 2017 मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी पुरावे पुन्हा तपासले. वरवरच्या पीलसाठी इतकं थांबायला पुरेसा आधार नाही असं त्यांनी म्हटलं, पण यंत्राने पूर्ण चेहरा घासण्याच्या उपचाराला मात्र सूट दिली नाही.