अपडेटनंतर पीसी सारखा रिस्टार्ट होतोय? फॉरमॅटची घाई नको

'अपडेट फसली, आता फॉरमॅटच मारावं लागतंय.' लातूर असो की परभणी, दुकानात हेच ऐकायला मिळतं. बहुतेक वेळा ते खरं नसतं. बिघडलेली असते ती नवी अपडेट. फायली जागच्या जागी असतात.

ऐन पीक विम्याच्या गर्दीत आमच्या गावातल्या सेवा केंद्राचा पीसी असाच अडकला. विंडोजची निळी खिडकी (लोगो) दिसायची, टिपके गोल फिरायचे, परत अंधार. बाहेर रांग! खिडकी दिसली की पॉवर बटण दाबून धरून बंद केला. असं दोन-तीनदा केल्यावर विंडोज १० किंवा ११ स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर येतं. तिथे 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. ताजी क्वालिटी अपडेट (दर महिन्याला येणारी छोटी अपडेट) काढली आणि पीसी सुरळीत चालू झाला. एकही फाईल गेली नाही.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. मात्र पडद्यावर अपडेटची टक्केवारी पुढे सरकत असेल तर बटणाला हात लावू नका. आपल्याकडची लाईट जाते ती वेगळीच, म्हणून अपडेट इन्व्हर्टरवरच बरी.